शामरावांची माशी

नेम कसा धरावा हे मला ज्या माणसाने शिकवलं, त्याने आयुष्यात एकदाही गोळी झाडली नव्हती. ज्या बंदुकीवर शिकवलं, तिची नळी आतून बुजवलेली होती. आणि शिकणारा मी, आंधळगावच्या हायस्कुलातला मराठीचा मास्तर. मला डाससुद्धा धड मारता येत नाही. इतकं सगळं जुळून आल्यावर हे शिक्षण वाया जाणार हे उघड होतं, पण शामराव निनाव्यांना ते कधी पटलं नाही.

शामराव पिढीजात विणकर. कोशाची, म्हणजे टसर रेशमाची, पातळं विणण्यात त्यांचा हात धरणारा गावात कुणी नव्हता असं लोक सांगत, पण लोक हे सांगू लागले तोवर माग बंद पडला होता. मागाचं सागवान घरापुढच्या सपरीत तसंच पडून होतं. शामरावांनी त्याचे बंदुकीचे दस्ते कोरायला घेतले. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. नाटकात एक जुलमी जमीनदार असतो, एक बंडखोर असतो आणि दोघांच्या मध्ये एक बंदूक असते. ही बंदूक जुन्या काळची, ठासणीची असावी लागते. ती शामराव करून देत. दस्ता मागाचा, नळी पाण्याच्या पाइपाची, चाप पितळेचा. लांबून पाहिली तर खरी वाटे. जवळून पाहिली तर आणखी खरी वाटे, आणि पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं.

मी त्या नाटकांत प्रॉम्प्टर असायचो. पडद्यामागे बसून दुसऱ्यांची वाक्यं कुजबुजत सांगणं हे काम मास्तराला शोभतं. बंदूक आणायला पहिल्यांदा शामरावांकडे गेलो, तेव्हा वाटलं होतं, घ्यायची आणि निघायचं. शामरावांनी मला सपरीत बाजेवर बसवलं, बंदूक खांद्याला लावायला दिली आणि विचारलं, "काय दिसून राहिलं?"

"समोरचं चिंचेचं झाड."

"झाड मलेबी दिसते, मास्तर. त्याले बंदूक कायले पाहिजे? नळीच्या तोंडावर पाहा. थे बारीक पितळेचं उभं आहे, थे माशी. अन् तुमच्या डोळ्याजवळ ही खाच. माशी खाचेच्या मधात बसली पाहिजे. माशीचं डोकं खाचेच्या दोन्ही खांद्याच्या बरोबरीत. अन् दोन्हीकडून उजेड सारखा."

मी खटपट केली. खाच दिसली की माशी पुसट होई, माशी दिसली की झाड पुसट.

"तिन्ही एकदम साफ दिसत नाहीत," मी म्हणालो.

"दिसतच नाई!" शामराव एवढ्या आनंदाने ओरडले की घरातून त्यांच्या पत्नी कौसल्याबाई डोकावल्या. "माणसाच्या डोळ्याले तिन्ही जमतच नाई. एकच साफ ठेवाचं. कोनतं?"

"झाड," मी म्हणालो. शाळेत मुलं देतात तसं सहज आणि चुकीचं उत्तर.

"झाड कुठं पळून जाऊन राहिलं का? माशी! माशी साफ ठेवा, बाकी सारं धुकट राहू द्या. सारे लोक निशाणाकडं पाहतात, म्हनून सारे चुकतात."

पुढे तीस वर्षं मी हे वाक्य कमीत कमी पन्नास वेळा ऐकलं. प्रत्येक वेळी त्यांना वाटे, आपण ते पहिल्यांदाच सांगतो आहोत.

हे ज्ञान त्यांना एका दुपारी मिळालं होतं. विशीत असताना ते कोंढ्याच्या एका जुन्या मालगुजारांकडे, म्हणजे जमीनदारांकडे, लग्नाचं पातळ पोचवायला गेले. मालगुजारीणबाई आत पातळ उलटसुलट करून पाहत होत्या, आणि बाहेर शामराव भिंतीवरची बंदूक पाहत होते. मालगुजार मोकळ्या मनाचे. त्यांनी ती उतरवून हातात दिली, माशी दाखवली, खाच दाखवली, खाचेवरची वर-खाली सरकणारी पट्टी दाखवली. लांबचं निशाण असलं की पट्टी वर, जवळचं असलं की खाली. बार मात्र भरला नाही, कारण दारू संपली होती. शामरावांनी खिशातला कोशाचा दोरा काढला आणि नळीला माशीसकट वेढा देऊन गाठ मारली. खाचेचं माप घेऊन दुसरी गाठ मारली, लांबीची तिसरी. विणकराला माप घ्यायला दुसरं काय सुचणार? तो दोरा त्यांनी पानाच्या डब्यात ठेवला, आणि नंतरची प्रत्येक बंदूक त्या दोऱ्याबरहुकूम झाली.

या सगळ्यात एक मोठी अडचण होती, आणि ती त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होती. माशी खरी बसली आहे की नाही हे गोळी झाडल्याशिवाय कळत नाही. शामरावांच्या बंदुकीतून गोळी सुटणं शक्य नव्हतं आणि सुटू नये हीच अट होती. म्हणजे माणूस जन्मभर जी गोष्ट अचूक करत होता, ती अचूक आहे की नाही हे त्याला कधी कळणार नव्हतं. गावात बंदुकीतलं कळणारं कुणी नव्हतं. एकदा मला म्हणाले, "मास्तर, कोनी जाणकारानं एकदा डोळा लावून पाहावं अन् सांगावं, एवढंच राहिलं आहे. चूक तं चूक सांगावं, पण सांगावं." हसत म्हणाले, पण बंदूक गुंडाळताना त्यांचे हात नेहमीपेक्षा सावकाश चालत होते. मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, छान आहे, उत्तम आहे. मराठीच्या मास्तराच्या या दाखल्याने त्यांचं काय समाधान होणार!

डोळा लावण्याच्या सवयीने त्यांचा डावा डोळा कायम अर्धा मिटलेला असे. गावात नवी सून आली की पहिले काही दिवस तिचा गैरसमज होई, आणि कौसल्याबाईंना जाऊन तो दूर करावा लागे. "बाई, थो तुले पाहूनच नाई राहिला," त्या सांगत, "थो तुह्या बिंदीकडं पाहते, मधात आहे का नाई म्हनून." शामरावांची माणसं जोखायची भाषाही तीच. एखादा माणूस पसंत पडला तर म्हणत, "उजेड सारखा आहे." आमच्या एका सरपंचाबद्दल विचारलं तर म्हणाले, "एकाच बाजूनं उजेड येते बाप्पा त्याच्यात."

नाटक कंपनीच्या मालकाला माशी-खाचेचं कौतुक नव्हतं. तो म्हणे, "शामरावजी, तिसऱ्या ओळीच्या मागे माशी दिसत नाही. कशाला आठ-आठ दिवस घालवता? आणि लावायचीच तर चकचकीत लावा, लाइटात चमकेल." शामराव ती नवी पितळी माशी दिव्याच्या चिमणीवर धरून काळी करत. चमकणारी माशी डोळ्याला फसवते, ऊन ज्या बाजूला असेल त्या बाजूला ती सरकल्यासारखी वाटते, असं त्यांचं म्हणणं. रंगमंचावर ऊन कुठून येणार, असं मालकाने विचारलं. शामराव म्हणाले, "पातळाची उलटी बाजू कोन पाहते? पण तिकडं गाठी राहिल्या तं मीच नाई विकत होतो." मालकाने कपाळाला हात लावला. बंदूक मात्र नेली. फुकटात इतकी चांगली दुसरी कोण देणार?

आमच्याच गावच्या मंडईत तर त्यांनी नाटक थांबवलं. बंडखोर नायक जमीनदाराच्या छातीवर बंदूक रोखून उभा. दोघांमध्ये अंतर चार हात. मी विंगेतून वाक्य पुरवलं, "तुझी घटका भरली!" नायकाने ते म्हटलं, मागे फटाका वाजला, जमीनदार छाती धरून कोसळायला लागला, आणि पहिल्या ओळीतून शामराव उभे राहून ओरडले, "अबे, पट्टी वर आहे! दोनशे पावलाची लावली आहे! गोळी त्याच्या टोपीवरून गेली ना बे!"

जमीनदार अर्ध्यात थांबला. मरावं की नाही, त्याला कळेना. त्याने विंगेत माझ्याकडे पाहिलं. माझ्या वहीत यावर काही लिहिलेलं नव्हतं. नायक भला माणूस, त्याने पट्टी खाली केली, पुन्हा नेम धरला, माशी साफ ठेवली. फटाका वाजवणाऱ्याकडे दुसरा फटाका नव्हता, म्हणून त्याने पत्र्याच्या डब्यावर काठी मारली. जमीनदार शेवटी मेला. टाळ्या अशा पडल्या की मालकाने पुढच्या प्रयोगातही हा प्रसंग ठेवता येईल का, असं मला विचारलं. शामराव मात्र आठवडाभर नायकाशी बोलले नाहीत.

आता ते रामायण. माझ्या निवृत्तीच्या आदल्या वर्षीची गोष्ट. एकोडीच्या मंडईसाठी बंदूक पोचवायची होती. शामराव ती जुन्या पातळात गुंडाळून एस.टी.ने निघाले. पातळ कोशाचं, म्हणजे निसरडं. वाटेत ते घसरलं आणि नळी बाहेर आली. शेजारच्या बाईंनी नळी पाहिली, मग माशी पाहिली आणि किंचाळल्या. कंडक्टरने गाडी थेट पोलीस ठाण्यासमोर उभी केली. दुपारी मला फोन आला. गावात अर्ज-फाटे लिहून देणारा मीच, म्हणून मी गेलो.

ठाण्याचे साहेब तरुण होते आणि सभ्य होते. त्यांनी शामरावांना खुर्ची दिली होती, चहा दिला होता. नळी बुजवलेली आहे हे त्यांनी पाहिलं होतं. ते मला म्हणाले, "सर, प्रकरण काहीच नाही. नकली आहे हे दिसतंच आहे. फक्त मला हे सांगा, नाटकातल्या बंदुकीला माशी कशाला?"

मी तोंड उघडायच्या आत शामराव म्हणाले, "नाटकातल्या मानसाले डोळे कायले राहतात, साहेब?"

साहेब हसले. त्यांनी जबाब लिहून घेतला आणि वाचून दाखवला: सदर बंदूक नाटकाकरिता केलेली असून नकली आहे, तिची माशी व खाच केवळ शोभेची आहे. मग म्हणाले, सही करा आणि बंदूक घेऊन जा.

शामरावांनी पेन हातात घेतला आणि खाली ठेवला. "नकली आहे लिवा. दहा वेळा लिवा. शोभेची नका लिवू."

"काकाजी, त्याने काय फरक पडतो?"

"मंग तुमीच काहून लिवून राहिले?"

साहेबांनी समजावलं, मी समजावलं, हवालदाराने समजावलं. माशी खरी आहे म्हटलं तर बंदूक तपासणीला जिल्ह्याला पाठवावी लागेल, काही महिने जातील, कदाचित खटलाही होईल. शामराव म्हणाले, "पाठवा." आपल्यावर नसलेला आरोप ओढून घेणारा माणूस त्या साहेबांना नोकरीत पहिल्यांदाच भेटला असावा. शेवटी त्यांनी बंदूक पाठवली.

एकोडीचं नाटक बंदुकीविना झालं. नायकाने एक काठी खांद्याला लावून जमीनदाराला ठार केलं, आणि प्रेक्षकांतल्या एकानेही तक्रार केली नाही. ही बातमी शामरावांना सांगू नका असं मी सगळ्यांना बजावलं होतं, त्यामुळे ती त्याच दिवशी त्यांच्यापर्यंत पोचली.  कौसल्याबाई म्हणाल्या, दोन दिवस त्यांनी पानही खाल्लं नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाशी जिल्ह्याहून कागद आला: बंदूक नकली, नळी बंद, माशी व खाच शोभेची, मालकाला परत देण्यास हरकत नाही. गावाने सुटकेचा निःश्वास सोडला. कौसल्याबाईंनी पेढे आणले. शामराव तोच कागद घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, "मास्तर, याच्यावर अर्ज लिवा."

"शामराव, तुम्ही सुटला आहात!"

"मी सुटलो. माशी नाई सुटली. कोनी डोळा लावूनच नाई पाह्यला."

कौसल्याबाई मागोमाग आल्याच होत्या. "लिवून द्या भाऊ," त्या म्हणाल्या. "नाई तं हा मानूस मले जन्मभर अर्ज सांगत राहील."

जन्मात मी शेकडो अर्ज लिहिले, पण निर्दोष सुटलेल्या माणसाने आपल्या सुटकेविरुद्ध केलेला हा एकच. 'शोभेची' हा शब्द वगळावा, अथवा माशी प्रत्यक्ष पाहून मत द्यावे, ही विनंती. मी तो लिहिला, आणि खरं सांगतो, लिहिताना मला मनातून खात्री होती की हा कागद सरळ रद्दीत जाणार.

तो रद्दीत गेला नाही. भंडाऱ्याच्या पोलीस शस्त्रागारातून बोलावणं आलं, बंदूक घ्यायला या आणि सोबत अर्जाचंही पाहू. मी बरोबर गेलो. तिथे जाड भिंगाचा चष्मा लावलेले, निवृत्तीला आलेले हवालदार होते. हत्यारं दुरुस्त करण्यात जन्म गेलेला, बोटांना तेलाचा वास. त्यांनी आमचा अर्ज दोनदा वाचला. म्हणाले, "नकली हत्याराच्या रकान्यात एवढाच शब्द लिहायची पद्धत आहे, काकाजी. आजवर कोणी भांडलं नाही."

"मी भांडून नाई राहिलो," शामराव म्हणाले. "पाहा म्हनतो."

हवालदारांनी बंदूक उचलली, चष्मा वर सरकवला, खांद्याला लावली. त्यांचाही डावा डोळा मिटला. मग बंदूक खाली ठेवून ते आत गेले आणि कधीतरी जमा झालेली, त्याच घाटाची एक खरी जुनी बंदूक घेऊन आले. दोन्ही टेबलावर शेजारीशेजारी ठेवल्या. पोलादी पट्टी लावली, मोजलं, पुन्हा मोजलं. शामराव उभे होते. बसा म्हटलं तरी बसेनात. मला ते बघवेना, म्हणून मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिलो.

"खाच बरोबर आहे," हवालदार म्हणाले. "पट्टी बरोबर आहे. माशी डावी-उजवी कुठंच नाही, नळीच्या मधोमध बसली आहे." मग थांबून म्हणाले, "पण उंच झाली. पाव सूत उंच आहे. गोळी खाली लागेल, काकाजी. शंभर पावलांवर चारेक बोटं खाली."

मला वाटलं, संपलं. म्हाताऱ्याने एवढा आटापिटा केला आणि शेवटी हे ऐकायला. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवायला पुढे झालो. शामरावांचा चेहरा पाहिला आणि हात मागे घेतला. लग्नघरात वऱ्हाड आलं म्हटल्यावर वधूपित्याचा होतो तसा तो झाला होता.

"पाव सूत?" ते म्हणाले. "दोराच तो! चाळीस वर्सं ओढून-ओढून ताणला बाप्पा! माप दोऱ्यानं घेतलं होतं ना मी, कोशाच्या!" आणि मग जरा घाबरत विचारलं, "साहेब, म्हनजे चुकली ना? नक्की चुकली?"

"चुकली."

"मंग शोभेची कशी राहील? शोभेची माशी कधी चुकते का?"

हवालदारांनी चष्मा काढला, शामरावांकडे नीट पाहिलं. मग कागद ओढून 'शोभेची' या शब्दावर रेघ मारली आणि बाजूला लिहिलं: माशी पाव सूत उंच. खाली सही केली. शामरावांनी तो कागद घडी करून आतल्या खिशात ठेवला. हवालदारांना वाकून नमस्कार केला, तेव्हा वयाने लहान असलेले ते हवालदार एकदम उठून उभे राहिले.

आम्ही बसस्थानकावर आलो. मला मुलाकडे नागपूरला जायचं होतं, त्यांना आंधळगावला. त्यांची गाडी उशिरा होती. मी म्हटलं, काही खाऊन घ्या. ते बाकावर बसले, पातळ उलगडून बंदूक मांडीवर आडवी घेतली आणि पिशवीतून एक बारीक कानस काढली.

"घरी जाऊन करा ना, शामराव."

"गाडीले अर्धा घंटा आहे, मास्तर."

एवढंच बोलणं झालं. माझी गाडी लागली, मी चढलो. त्यानंतर मी निवृत्त होऊन नागपूरलाच राहिलो, आणि पुढच्या पावसाळ्यात शामराव गेल्याचा फोन आला.

पण त्या दिवशी गाडीच्या खिडकीतून मी त्यांना पाहत होतो. माझ्या अडतीस वर्षांच्या नोकरीत दर साली माझ्याबद्दल वरून एकच शेरा आला, समाधानकारक. मी किती चुकलो, कोणत्या बाजूला चुकलो, हे कुणी खरा माणूस शेजारी उभा करून मोजून सांगितलं नाही. मला शामरावांचा सरळसरळ हेवा वाटला. त्यांनी कानस थांबवली, माशीवरची पितळेची धूळ फुंकली आणि भर फलाटावर बंदूक खांद्याला लावून समोरच्या घड्याळावर नेम धरला. चार-पाच प्रवासी सामान टाकून पळाले, एक बाई खांबाआड गेली. मी खिडकीतून ओरडलो, "शामराव, अहो, पोलीस!" त्यांनी ऐकलं नाही. बंदूक खाली घेतली आणि पुन्हा कानस चालवायला लागले. अजून थोडी उंच असावी.